जळालेल्या दफ्तराचा इतिहासकार

इ. स. १५५६ च्या सप्टेंबरात पोर्तुगालहून आलेल्या जहाजातून गोव्याच्या धक्क्यावर एक मुद्रणयंत्र उतरविण्यात आले. ते वस्तुतः हबसाणात जावयाचे होते; पण तिकडे निघालेल्या धर्मोपदेशकांचा मुक्काम गोव्यातच लांबला, यंत्र सेंट पॉल विद्यालयात बसविले गेले, आणि अशा आडवाटेने छापण्याची कला हिंदुस्थानात आली. त्यानंतर चारच वर्षांनी, १५६० साली, त्याच शहरात युरोपातून दुसरी एक संस्था येऊन दाखल झाली. तिचे नाव इन्क्विझिशन. ख्रिस्ती धर्माच्या शुद्धतेची चौकशी करून अपराध्यांस शासन करणारे धर्मन्यायालय. या दोन घटनांना चारशे वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास एकाच संशोधकाने दोन इंग्रजी ग्रंथ सिद्ध केले. १९५८ साली ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ निघाला आणि १९६१ साली ‘द गोवा इन्क्विझिशन’. चतुःशताब्दीच्या निमित्ताने केलेला अभ्यास अशी नोंद दोहोंवरही आहे. हा संशोधक म्हणजे अनंत काकबा प्रियोळकर.

शताब्द्या साजऱ्या करण्याची हौस राज्यकर्त्यांना फार, आणि त्या काळी पोर्तुगीज सरकार तर या कामी मोठेच उत्साही होते. संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली म्हणून १९५२ साली जुन्या गोव्यात त्याच्या शवाचे दर्शन मोठ्या थाटाने मांडण्यात आले. दर्यावर्दी राजपुत्र हेन्रीच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली म्हणून १९६० साली पोर्तुगालभर उत्सव झाले. त्याच १९६० साली आणखी एका संस्थेची चतुःशताब्दी भरत होती, याची आठवण ठेवण्याचे कारण मात्र सरकारदरबारी कोणास वाटले नसावे. प्रियोळकरांनी ती ठेवली, ग्रंथ स्वतःच प्रकाशित केला, आणि तो ज्या वर्षी बाहेर पडला त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोव्यातील पोर्तुगीज राज्य संपले. या योगायोगामुळे कित्येकांनी ग्रंथाला त्या काळच्या राजकीय पत्रकांच्या रांगेत बसविले. वास्तविक पत्रक लिहिणाऱ्याला न लागणारी एक वस्तू त्यात पानोपानी आहे, आणि ती म्हणजे कोणता अन्याय कोणी, कोणत्या हुकमाने व कोणावर केला, याचा चोख हिशेब. हा हिशेब कसा मांडला गेला हे पाहणे, खुद्द त्या न्यायालयाच्या कहाणीइतकेच उद्‌बोधक आहे.

प्रियोळकर १८९५ साली जन्मले आणि १९७३ साली निवर्तले. आडनावावरून उघडच आहे त्याप्रमाणे त्यांचे गाव फोंडे महालातील प्रियोळ. या गावाला एक इतिहास आहे, व तो तेथील देवळांतच लिहिलेला आहे. मराठी यात्रेकरू ज्याला मंगेशी म्हणून ओळखतात ते श्रीमंगेशाचे देवस्थान याच गावच्या हद्दीत. पण मंगेशाचे मूळ ठाणे येथले नव्हे. ते साष्टीतील कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे. शेजारच्या म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याहून आलेली, आणि कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून. सोळाव्या शतकाच्या मध्यास साष्टी, बारदेश व तिसवाडी हा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि झुवारी नदीपलीकडचा फोंडे महाल विजापूरकरांकडे होता. म्हणून देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि नदी ओलांडून परमुलखात नेऊन बसविले. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी, १७६३ साली, फोंडेही पोर्तुगीजांकडे गेले. परंतु तोवर धर्मच्छलाचा जोर ओसरला होता आणि या ‘नव्या काबिजादी’तील प्रजेच्या धर्माला हात लावावयाचा नाही, हे सरकारचे धोरण ठरून गेले होते. सारांश, प्रियोळकर ज्या गावचे होते ते निर्वासित दैवतांचे गाव होते. असा मनुष्य या विषयावर लिहावयास बसला तर लेखणीला धार चढणे स्वाभाविक होते, आणि न चढणे हे नवलाचे.

ती चढली नाही, याचे कारण त्यांचा व्यवसाय. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी जुन्या मराठी पोथ्यांच्या सहवासात काढला. मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे ते संचालक होते. मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची पाठचिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र संपादिले. १९५१ सालच्या कारवारच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पाठचिकित्सा हे काम मनुष्याला विलक्षण शिस्त लावते. दहा पोथ्यांत दहा पाठ असतात, त्यांतला आपल्याला आवडणारा निवडण्याची मुभा नसते, आणि ज्या पोथीत जे नाही ते तिच्या तोंडी घालणे हे पातक असते. पोथ्यांवर कमावलेली हीच शिस्त प्रियोळकरांनी फिर्यादीच्या विषयाला लावली.

सामान्य वाचकाची समजूत अशी असते की इन्क्विझिशन म्हणजे हिंदूंना जबरदस्तीने बाटविणारी कचेरी. प्रियोळकरांचा ग्रंथ वाचताना पहिल्या प्रथम ही समजूत सोडावी लागते. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर या न्यायालयाचा अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. ज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही तो धर्मभ्रष्ट होणार कसा? म्हणून त्याचे भक्ष्य आरंभी मुख्यतः ‘नवे ख्रिस्ती’, म्हणजे पोर्तुगालातून हिंदुस्थानात येऊन राहिलेले धर्मांतरित यहुदी होते. आणि पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत बहुसंख्य आरोपी म्हणून उभे राहिले ते येथलेच, कोकणी बोलणारे, पिढी-दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले रयत लोक. तेव्हा गोव्याच्या ख्रिस्ती समाजाकडे बोट दाखविण्यासाठी या ग्रंथाचा उपयोग करणाऱ्याने हे ध्यानात धरावे की त्या अंधारकोठड्यांत सर्वाधिक संख्येने खितपत पडले ते याच समाजाचे पूर्वज होते.

पहिल्या वर्गातील एक उदाहरण आपल्या अगदी निकटचे आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यास आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी त्याची ये-जा होती, आणि मुंबईचे बेट पोर्तुगीज सरकारने त्याला मक्त्याने दिले होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात, वर सांगितलेल्या मुद्रणकलेच्या प्रसादाने छापून निघाला व युरोपात वाखाणला गेला. तो १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. मेलेल्या मनुष्यावर खटला चालविता येतो आणि तो शाबीतही होतो, ही या न्यायालयाच्या कायद्यातील एक मामुली तरतूद होती. ज्या छापखान्याने ओर्ताचे नाव जगभर नेले आणि ज्या न्यायासनाने त्याच्या हाडांनाही विसावा दिला नाही, ती दोन्ही एकाच शहरात, अवघ्या चार वर्षांच्या अंतराने आली होती. प्रियोळकरांचे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे हा योग मनाला फार लागतो.

मग हिंदूंवर अन्याय झालाच नाही की काय? झाला, आणि तो भयंकर झाला. पण तो करणारे हात वेगळे होते. देवळे पाडली ती व्हाइसरॉयच्या सत्तेने. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविले ते सरकारी व्यवस्थेने. हिंदूंनी कोणते विधी करू नयेत याचे ठराव केले ते धर्माधिकाऱ्यांच्या परिषदांनी, व त्यांना कायद्याचे बळ दिले ते राजाच्या नावाने निघालेल्या हुकमांनी. यांपैकी सर्वांत क्रूर हुकूम बहुधा १५५९ सालचा, अनाथ मुलांविषयीचा. आईबाप नसलेल्या हिंदू मुलाला ताब्यात घ्यावे, सेंट पॉल विद्यालयात ठेवावे व त्याला बाप्तिस्मा देऊन वाढवावे, असा त्याचा आशय. आणि अनाथ कोणास म्हणावयाचे याचा अर्थ पुढे इतका ताणला गेला की जिची कूस रिती होणार ती आई जिवंत असूनही मूल अनाथ ठरू लागले. अशी मुले नातलगांनी लपवावीत, रातोरात नदीपार करावीत, आणि लपविणाऱ्यांच्या मागे चौकशी लागावी, असे प्रकार ओघानेच आले. या ठिकाणी मात्र इन्क्विझिशनचा हात हिंदूंपर्यंतही पोचे. कारण ख्रिस्ती होऊ घातलेल्याच्या मार्गात अडथळा आणणे हा अपराध त्याच्या अखत्यारीत येत असे. कोणती सत्ता कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते याची रेघ प्रियोळकर अशी काटेकोर ओढतात, आणि ती ओढल्यामुळे दोषाचा भार कोणाच्याच माथ्यावरून उतरत नाही. तो फक्त ज्याचा त्याच्या माथ्यावर जातो.

यासाठी लागणारा पुरावा त्यांना मुख्यतः कोणी पुरविला हे सांगितले पाहिजे. जोआकिम एलिओदोरु द कुन्या रिव्हारा नावाचा एक पोर्तुगीज विद्वान १८५५ साली गोव्याच्या गव्हर्नर जनरलचा मुख्य सचिव होऊन आला. सरकारी दफ्तरखाना त्याच्या हाताखाली होता, आणि त्या पदाचा त्याने असा उपयोग केला की जुने हुकूम, पत्रे, ठराव हुडकून ‘आर्किव्हु पोर्तुगेज ओरिएंताल’ या मालेत १८५७ पासून तो छापीत सुटला. कोकणी भाषेच्या इतिहासावरील आपल्या निबंधात तर त्याने आपल्याच देशाच्या पाद्र्यांना व राज्यकर्त्यांना, एका जिवंत लोकभाषेचा गळा घोटल्याबद्दल, उघड दोष दिला. या निबंधाचे इंग्रजी भाषांतर प्रियोळकरांनी आपल्या मुद्रणविषयक ग्रंथाला जोडले. राज्यकर्त्यांच्या जातीतल्या एका प्रामाणिक अधिकाऱ्याने राज्यकर्त्यांचेच कागद उघडे करावेत आणि शंभर वर्षांनी प्रजेतल्या एका अभ्यासकाने त्यांवर आपली मांडणी उभारावी, ही परंपरा मला तरी फार मोलाची वाटते.

भाषेवरील आघाताचा जो सर्वांत प्रसिद्ध हुकूम, त्याच्याशी मराठी वाचकाचा संबंध निराळ्याच वाटेने जुळतो. १६८३ सालच्या अखेरीस छत्रपती संभाजीराजे गोव्यावर चालून आले, त्यांच्या फौजेने जुवे बेटावरचा कोट घेतला, आणि तो परत घ्यावयास गेलेल्या व्हाइसरॉयला, काऊंट ऑफ आल्व्होरला, जीव घेऊन माघारी पळावे लागले. शहर वाचण्याची आशा सुटली तेव्हा याच व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला, ही कथा गोव्यात सर्वतोमुखी आहे. मोगलांची फौज कोकणात उतरल्याने संभाजीराजांना परतावे लागले व गोवे बचावले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, जून १६८४ मध्ये, याच आल्व्होरने हुकूम काढला की एतद्देशीय लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून सर्व व्यवहारात पोर्तुगीज बोलू लागावे. तीन वर्षांत अवघ्या रयतेची जीभ पालटण्याची ही तजवीज अर्थातच फसली, कोकणी घराघरांतून जिवंत राहिली. तथापि तिच्या वाङ्मयाचा प्रवाह दीर्घकाळ कोरडा पडला तो अशाच हुकमांच्या परंपरेने.

आता खुद्द न्यायालयाच्या एका कागदाकडे वळू. १७३६ सालच्या एप्रिलात इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला आणि येथल्या ख्रिस्ती रयतेने काय काय करू नये याची भली मोठी यादी दिली. प्रियोळकरांनी ती तपशिलासह दिली आहे, आणि माझ्या मते ग्रंथाचा सर्वांत परिणामकारक भाग हाच. त्यात ना शेकोटी आहे ना छळाची यंत्रे, आहेत त्या घरगुती गोष्टी. लग्नात ओव्या गाऊ नयेत. वधूवरांना हळद, तेल, नारळाचा रस लावू नये. सोयरिकीच्या वेळी विड्याची पाने, सुपारी, फुले यांची देवघेव हिंदूंच्या रीतीने करू नये. घरात, अंगणात, मळ्यात कोठेही तुळस ठेवू नये. असेल ती उपटून टाकावी. एकादशीला उपवास करू नये. पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. आणि भात शिजविताना त्यात मीठ घालावे; हिंदू लोक अळणी भात शिजवून मीठ मागाहून घेतात तसे करू नये.

हे शेवटचे कलम वाचून वाचक थबकतो. एवढ्या मोठ्या न्यायासनाला, ज्याची हुकमत मोझांबिकपासून मकावपर्यंत चालत होती, त्याला एखाद्या कुणबिणीच्या चुलीवरील मडक्यात मीठ केव्हा पडते हे पाहण्याचे कारण काय पडले? कारण, धर्म बदलला तरी माणसाच्या सवयी त्याच राहतात, आणि हुकमत गाजविणाऱ्याला धर्म कोणता व सवय कोणती हे ओळखता येत नसते. म्हणून तो दोन्ही एकाच फर्मानाने उपटू पाहतो. आणखी असे पाहा की थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि ख्रिस्ती भाविक ते भक्तीने वाचीत-गात राहिले. म्हणजे ओवीला चर्चमध्ये मुभा होती, लग्नमंडपात मात्र ती गुन्हा होती. जाहीरनाम्याचा हेतू पवित्र असो की अपवित्र, घरातील बायकांना आपल्या लेकीच्या लग्नात तोंड उघडण्याची चोरी झाली, आणि ती चुगली करणारा शेजारी किंवा चाकर घरातलाच असू शकत होता, ही त्याची प्रत्यक्ष फलश्रुती.

आता अडचण अशी की या न्यायालयापुढे चाललेल्या खटल्यांची कागदपत्रे आज गोव्यात नाहीत. १७७४ साली पोर्तुगालच्या पोंबाल मंत्र्याने ते बंद केले; १७७८ साली नव्या राणीच्या कारकीर्दीत ते जरा सौम्य नियमांनी पुन्हा सुरू झाले; आणि १८१२ साली इंग्रजांशी झालेल्या तहाच्या दडपणाने कायमचे बुडाले. बुडताना त्याचे दफ्तर पुढच्या काळाच्या हाती लागू द्यावयाचे नाही असा विचार झाला आणि गोव्यातील कागदांचा बहुतेक भाग जाळून टाकण्यात आला. ज्या संस्थेने माणसांबरोबर पुस्तकेही जाळली, तिच्या स्वतःच्या रुमालांचीही तीच गत झाली. लिस्बनला वेळोवेळी पाठविलेल्या याद्या व पत्रव्यवहार उरले, त्यांवरून पोर्तुगीज संशोधक आंतोनियु बैयांव याने या न्यायालयाचा इतिहास लिहिला, आणि अडीच शतकांत एकंदर सुमारे सोळा हजार लोकांवर खटले चालले असावेत असा अंदाज अभ्यासक करतात. त्यांपैकी जाळले गेलेले थोडे. बहुतेकांच्या वाट्याला आली ती मालमत्तेची जप्ती, फटके, हद्दपारी, गलबतांवरची सक्तमजुरी, आणि जन्मभर पुरणारी बेअब्रू. परंतु यादीत नाव, गाव, अपराध व शिक्षा यापलीकडे काही नसते. माणसाचा आवाज हवा तर तो कोठून आणावयाचा?

यासाठी प्रियोळकरांनी ग्रंथाच्या उत्तरार्धात दोन परकीयांचे वृत्तांत जोडले. पहिला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याचा. हा तरुण दमणमध्ये वैद्यकी करीत असता बाप्तिस्मा, मूर्तिपूजा आणि खुद्द इन्क्विझिशन यांविषयी मोकळेपणाने बोलला. त्यातच दमणच्या किल्लेदाराचा व एका पाद्र्याचा एका स्त्रीवरून त्याच्यावर रोष झाला, असे तो स्वतः सांगतो. १६७३ च्या ऑगस्टात त्याला पकडले, दमणहून वसईस आणले, आणि १६७४ च्या जानेवारीत जलमार्गाने गोव्यास पोचविले. जेथे आदिलशाहीचा वाडा होता तीच इमारत न्यायालयाला मिळालेली होती. गोव्याचे लोक तिला ‘व्हडलें घर’ म्हणत आणि तिच्यावरून जाताना आवाज खाली आणीत. देलाँ त्या घरात दोन वर्षे होता. आरोपीला त्याच्यावरचा आरोप सांगावयाचा नाही, फिर्यादी कोण ते कळू द्यावयाचे नाही, साक्षीदार समोर आणावयाचे नाहीत; त्याला फक्त विचारावयाचे की तुला येथे का आणले असेल ते तूच आठवून सांग. जे सांगशील ते पुरेसे नाही, आणखी आठव. न आठवणारा मनुष्य हट्टी ठरे आणि हट्ट हाच मोठा अपराध होई. कोठडीत मोठ्याने बोलण्याची, रडण्याची, प्रार्थना म्हणण्याचीदेखील बंदी. त्या शांततेत पहाटे यातनागृहातून येणाऱ्या किंकाळ्या मात्र ऐकू येत. देलाँने पुनःपुन्हा आत्महत्येचा प्रयत्न केला. आजाराचे सोंग करून शिरा उघडवून घेतल्या आणि वैद्य जाताच पट्ट्या सोडून टाकल्या.

१२ जानेवारी १६७६ रोजी पहाटे कैद्यांना चित्रविचित्र झगे चढविले, अनवाणी मिरवणुकीने चर्चमध्ये नेले, आणि तेथे प्रत्येकाचा निकाल सर्वांसमक्ष वाचला. ज्यांना जाळावयाचे त्यांना न्यायालय स्वतः जाळीत नसे. ते त्यांना मुलकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करी व वर दया दाखविण्याची शिफारसही करी, जी ऐकावयाची नसते हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणून असत. कायद्याचा हात स्वच्छ ठेवण्याची ही कारकुनी हातचलाखी आपल्याकडील कचेऱ्यांनाही अगदीच अपरिचित नाही. देलाँला पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढे १६७७ साली तो सुटला, आणि दहा वर्षांनी त्याने आपला वृत्तांत छापला.

दुसरा साक्षीदार क्लॉडियस ब्युकॅनन, ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरचा स्कॉटिश धर्मोपदेशक. तो १८०८ साली गोव्यास आला व योगायोगाने एका इन्क्विझिटराचाच पाहुणा झाला. देलाँचे पुस्तक त्याने यजमानापुढे ठेवले. यजमानाने ते लक्षपूर्वक वाचले, काही तपशील खरे असल्याचे मान्य केले, काहींवर हरकत घेतली. परंतु पाहुण्याने कोठड्या पाहण्याचा आग्रह धरताच संभाषण थांबविले. आरोपी आणि न्यायाधीश यांच्यात एकशेतीस वर्षांचे अंतर टाकून झालेली ही उलटतपासणी प्रियोळकरांनी मुद्दाम शेजारी छापली. आणि त्यावर भाष्य फार थोडे केले.

या ग्रंथात उणे काहीच नाही असे नव्हे. देलाँ हा दुखावलेला साक्षीदार होता आणि ब्युकॅनन हा प्रोटेस्टंट. कॅथलिक संस्थेविषयी दोघांचेही मन निर्विकार असणे शक्य नव्हते, आणि मुक्तेश्वराच्या पोथ्यांना जी कसोटी प्रियोळकर लावतात ती या दोघांना त्यांनी तितक्या कठोरपणे लावलेली नाही. कोकणीवरील अन्यायाचा पुरावा एवढ्या कष्टाने गोळा करणाऱ्या या विद्वानाचे स्वतःचे मत मात्र कोकणी ही मराठीची बोली असे होते, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत हट्टाने मांडले. त्यामुळे ज्या कोकणीभिमान्यांना त्यांच्या संशोधनाचा सर्वाधिक उपयोग व्हावयाचा तेच त्यांच्यापासून दुरावले. गोव्याबाहेरचा पोर्तुगीज मुलूखही त्यांच्या ग्रंथात काहीसा पडद्याआड राहतो. वसई व चौल ही ठाणी १७३९-४० पर्यंत याच न्यायालयाच्या कक्षेत होती, तेथे त्याचे हस्तक होते, तेथून माणसे धरून गोव्यास नेली जात; चिमाजी अप्पांच्या वसईच्या स्वारीवर ढीगभर लिहिणाऱ्या आपण महाराष्ट्रीयांनी त्या प्रांतातील या अमलाचा स्वतंत्र अभ्यास अद्याप पुरता केलेला नाही.

‘गोवा इन्क्विझिशन’ नंतर चार वर्षांनी, १९६५ साली, प्रियोळकरांनी आणखी एक पुस्तक छापविले. ते थॉमस स्टीफन्सच्या ‘दौत्रिन क्रिस्तां’ची, म्हणजे १६२२ साली राचोलला छापलेल्या ख्रिस्ती धर्माच्या बालबोध प्रश्नोत्तरीची, मूळ पानांच्या छायाचित्रांसह काढलेली आवृत्ती. कोकणी भाषेत छापलेले हे एक आद्य पुस्तक. ज्या धर्मसंस्थेच्या न्यायासनावर त्यांनी इतके सप्रमाण आरोपपत्र लिहिले, तिच्याच एका धर्मगुरूने येथल्या मुलांसाठी लिहिलेले हे चिमुकले पुस्तक लिस्बनमधील प्रतीवरून आणून, तितक्याच निगुतीने प्रस्तावना जोडून, मराठी संशोधन मंडळातर्फे त्यांनी प्रसिद्ध केले. प्रियोळकरांचे वाचक त्यांच्या एकाच ग्रंथापाशी थांबतात; या दुसऱ्या पुस्तकाची पाने क्वचितच कोणी उलटली असतील.